कवीच्या हातातला कॅमेरा : दिलीप चित्रे यांचं 'गोदाम'

विषयाकडे वळण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारतो. 'अर्धसत्य' किती जणांनी पाहिला आहे? बरेच हात वर आहेत. त्यातली कविता आठवते? तीही आठवते. आता तिसरा प्रश्न : 'गोदाम' किती जणांनी पाहिला? बघा, इथे सभागृह शांत झालं. आजचा विषय हीच शांतता आहे.

दोन्ही चित्रपट १९८३ सालचे. 'अर्धसत्य'चे दिग्दर्शक गोविंद निहलानी, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची. त्यातली कविता मात्र दिलीप चित्रे यांची, आणि चित्रपटाला नावही तिनंच दिलं. ओम पुरींचा इन्स्पेक्टर ती सहज म्हणून वाचायला घेतो. चक्रव्यूह येतो, तराजूचा काटा येतो, आणि वाचता वाचता त्याचा आवाज जड होतो. दुसऱ्याची कविता वाचताना हा माणूस स्वतःलाच वाचू लागलाय, हे आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. कविता तिथे सजावट म्हणून नाही, ती कथानकाचं काम करते.

त्याच वर्षी चित्रे यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला 'गोदाम' तयार झाला. भाऊ पाध्ये यांच्या कथेवरचा हा हिंदी चित्रपट. फ्रान्समधल्या नांत इथल्या तीन खंडांच्या चित्रपट महोत्सवात १९८४ मध्ये त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. म्हणजे कवीची कविता दुसऱ्याच्या चित्रपटातून घरोघर गेली, आणि त्याचा स्वतःचा चित्रपट बाजूला राहिला.

चित्रे कोण, हे सीताबर्डीच्या श्रोत्यांना फार सांगायला नको. जन्म १९३८, बडोद्याचा. १९५४ मध्ये, म्हणजे विशीही गाठली नव्हती तेव्हा, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांच्यासोबत 'शब्द' हे अनियतकालिक काढलं. १९६० मध्ये 'कविता' हा पहिला संग्रह आला. पुढे तुकोबांना इंग्रजीत नेलं. १९९४ मध्ये साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार एकाच वेळी मिळाले, एक मराठी कवितेसाठी आणि एक त्या अनुवादासाठी. या सगळ्यात त्यांचं चित्रपटाचं काम छंदासारखं मागे ढकललं गेलं. खरं तर ते १९६९ पासून या माध्यमात होते. अनेक माहितीपट केले, निहलानींच्या 'विजेता'ची पटकथा लिहिली. कथाचित्रपट मात्र एकच, 'गोदाम'.

गोष्ट थोडक्यात सांगतो. ओसाड मुलखातलं एक गोदाम, तिथली मोजकी माणसं, आणि सासरच्या अत्याचारातून सुटून तिथे आसऱ्याला आलेली एक कोवळी मुलगी. आता 'गोदाम' या शब्दाकडेच बघा. माल ठेवायची जागा. माणूस तिथे आला की तोही ठेवलेला माल होतो का? आसरा आणि कोंडवाडा यांतली भिंत किती जाड असते? हे प्रश्न कोणी भाषण करून मांडायचे नसतात, ती जागाच ते विचारते. कवितेत प्रतिमा हेच करते. ती अर्थ समजावून सांगत नाही, आपल्यासमोर ठेवते आणि थांबते.

असा प्रवास करणारे चित्रे एकटे नाहीत. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरच्या मार्गारेट टेट (१९१८ ते १९९९) पेशानं डॉक्टर. महायुद्धात लष्करी वैद्यकीय सेवेत असताना त्या भारतातही होत्या. पुढे रोममध्ये चित्रपटाचं शिक्षण घेतलं, कवितासंग्रह स्वतःच छापले, आणि तीसहून अधिक लघुपट बहुतेक स्वतःच्या पैशानं केले. आई, अंगण, रस्ता, वारा हे त्यांचे विषय. कथाचित्रपट त्यांचाही एकच, तोही १९९२ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर. हयातीत त्यांना फार कमी लोक ओळखत होते. पुढे मात्र तिकडे त्यांच्या नावानं कलावंतांसाठी पुरस्कार सुरू झाला. हा फरक आपोआप पडला नाही. कोणीतरी रिळं जपली, कोणीतरी ती पुन्हा पडद्यावर लावली.

आपल्याकडे काय झालं? मला तीन कारणं दिसतात. एक, चित्रपट हिंदी म्हणून मराठी समीक्षेनं तो आपला मानला नाही. दोन, हिंदी समांतर सिनेमाच्या चर्चेत दिग्दर्शक म्हणून एका मराठी कवीचं नाव सहसा येत नाही. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पुस्तक आणि चित्रपट यांचं जगणं वेगळं असतं. कवितेची एक प्रत कपाटात उरली तरी झेरॉक्स काढून ती शंभरांपर्यंत जाते. चित्रपटाला प्रिंट लागते, अंधार लागतो, समोर बसणारी माणसं लागतात. यातलं एक तुटलं की तो असून नसल्यासारखा होतो.

चित्रे १० डिसेंबर २००९ रोजी पुण्यात गेले. आपल्या महेश एलकुंचवारांच्या 'पार्टी'वर निहलानींनी १९८४ मध्ये केलेला चित्रपट इथल्या मंडळींना आठवतो, त्यावर आजही बोललं जातं. 'गोदाम' त्याच काळातला आहे. त्याची चांगली प्रत मिळवून शहरातल्या चित्रपट मंडळांनी तो एकदा लावावा, आणि आधी कविता वाचून मग तो पाहावा, एवढी विनंती करतो. आवडलाच पाहिजे असं नाही. पण मत देण्यापूर्वी तो पाहिलेला असावा. आता तुमचे प्रश्न घेऊ.