प्रतिकारशक्ती शरीराची, किंमत बाजाराची

सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात माल बांधण्याचे काम करणाऱ्या एका बाईंचा मुलगा आमच्या वर्गात आहे. मागल्या वर्षी या बाईंचे पोट फुगू लागले. दोन घास खाल्ले की पोट भरे. गॅस आणि आम्लपित्त यांवरील औषधांत काही महिने गेले. अखेर निदान झाले ते बीजांडकोशाच्या कर्करोगाचे, आणि तोवर तो पोटभर पसरला होता. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली. पण आजार उलटला. परवा तो मुलगा विचारीत होता, ‘‘सर, इम्युनोथेरपीची इंजेक्शने निघाली आहेत म्हणतात. राहती खोली विकली तर काही महिने भागेल. विकावी का?’’

प्रश्न पैशाचा, म्हणून तो अर्थशास्त्राच्या अध्यापकाकडे आला. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी विज्ञान काय सांगते ते पाहणे क्रमप्राप्त होते. भारतात दरवर्षी सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा रोग होतो आणि सुमारे ३३ हजार त्याला बळी पडतात, असा २०२२ सालचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. लक्षणे मोघम असल्याने बहुतेकींचा रोग उशिराच कळतो.

शरीर मात्र या रोगापुढे अगदीच स्वस्थ बसलेले नसते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ साली अशा १८६ गाठी तपासल्या. निम्म्याहून अधिक गाठींत टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शिपाई पेशी, आत शिरलेल्या आढळल्या. अशा रुग्णांपैकी ३८ टक्के पाच वर्षे जगल्या. ज्यांच्या गाठींत या पेशी नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण अवघे साडेचार टक्के होते. शिपाई आत पोहोचले आहेत, तर त्यांचे हात मोकळे केले की काम झाले, अशी आशा यातून निर्माण झाली. कर्कपेशी टी-पेशींना आवरणारी जी कळ दाबून धरतात, ती सोडविणारी औषधे निघाली. त्यांचा पाया घालणारे जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

काही कर्करोगांत या औषधांनी खरोखरच क्रांती केली. बीजांडकोशाने मात्र निराशा केली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आजार उलटलेल्या ३७६ स्त्रियांना असे एक औषध एकटेच दिले असता केवळ आठ टक्के स्त्रियांच्या गाठी आक्रसल्या. केमोथेरपीला अशा औषधांची जोड देणाऱ्या मोठ्या चाचण्याही पुढे अयशस्वी ठरल्या. या गाठी आपल्याभोवती असे वातावरण निर्माण करतात की, आत शिरलेली टी-पेशीही थकून निष्क्रिय होते. २०२५ साली मात्र एक आशादायक निष्कर्ष हाती आला. केमोथेरपीला दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांच्या गाठींत विशिष्ट प्रथिन सापडते, त्यांचे मध्यक आयुष्य अशा जोड-उपचाराने सुमारे चौदा महिन्यांवरून अठरा महिन्यांवर गेले.

हे चार महिने क्षुल्लक नव्हेत. पण त्यांची किंमत कोणी ठरवायची? औषध-कंपनी संशोधनावर अफाट पैसा ओतते, दहा प्रयत्नांतील नऊ वाया जातात, म्हणून एकस्वाच्या काळात ती चढी किंमत लावते. हा युक्तिवाद खोटा नाही. तथापि त्यातून एक प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. हेच औषध कमी मात्रेत पुरेल काय? आपला माल कमी खपावा म्हणून कोणताही विक्रेता प्रयोग करीत नसतो. जो प्रश्न विचारण्यात कोणाचाच नफा नाही, तो बाजार विचारीत नाही. तो समाजालाच विचारावा लागतो.

आणि तो विचारला गेला आहे, तोही आपल्या परळमध्येच. १९४१ साली सुरू झालेले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत असलेले टाटा स्मारक रुग्णालय सार्वजनिक पैशावर चालते. तेथील डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. निव्होलुमॅब हे औषध त्यांनी नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, अन्य औषधांच्या जोडीला दिले. एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. मुंबईच्या आय.आय.टी.ने टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने विकसित केलेल्या, रुग्णाच्याच टी-पेशींना नवे रूप देणाऱ्या उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली. तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे आणि परदेशी उपचाराच्या कितीतरी कमी खर्चात होतो. तरीही तो लाखांच्याच घरात आहे.

यातील एकही यश बीजांडकोशाला जसेच्या तसे लावता येणार नाही. एका अवयवाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावणे हे विज्ञान नव्हे. म्हणूनच कमी मात्रेची चाचणी या रोगातही व्हावी, तिचा खर्च सरकारने उचलावा आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांतील रुग्णांपर्यंत पोहोचावी, ही मागणी आपण केली पाहिजे. आणि तिच्याइतकीच निकडीची दुसरी मागणी अशी की, पन्नाशीच्या स्त्रीचे पोट काही आठवडे सतत फुगलेले असेल तर गॅसची गोळी देण्याआधी सोनोग्राफी व्हावी.

त्या मुलाला मी सांगितले, ‘‘खोली विकू नकोस. आईच्या गाठीची कोणती तपासणी झाली आहे आणि या औषधाचा तिला गुण येण्याचा संभव किती, ते आधी डॉक्टरांना विचार. एखादी चाचणी सुरू असेल तर तीत तिचे नाव घालता येईल का, तेही विचार.’’ तो मान हलवून गेला. उत्तर हिशेबाला धरून होते. पण ते देताना समाधान वाटले नाही. आईचे आयुष्य की डोक्यावरचे छप्पर, असा हिशेब एकोणीस वर्षांच्या मुलाला मांडावा लागतो, यातच आपल्या व्यवस्थेचा पराभव आहे.