कडी, कोयंडा आणि लालबागचे कुलूप

बुरोंडीसारख्या गावातल्या जुन्या घराचे दार पाहायचे असेल, तर आत जाऊन, दार लावून घेऊन पाहावे. बाहेरून दिसते ती चौकट, गणेशपट्टी, पायांनी झिजलेला उंबरठा आणि एखादी लोंबती कडी. दाराचे खरे बळ आतल्या अंगाला असते, कारण हे घर कधी रिकामे पडेल असे बांधणाऱ्याच्या मनातही आलेले नसते. म्हातारी माणसे, पोरेबाळे, गोठ्यातली गाय, कुणी ना कुणी घरी असायचेच. बंदोबस्त हवा तो रात्रीचा, आणि तो आतून करायचा. बाहेरून बंद करण्याची पाळी पुढे आली, माणसे मुंबईला जायला लागली तेव्हा.

दापोली तालुक्यातले हे किनाऱ्यावरचे गाव. उत्तरेला लाडघर, दक्षिणेला कोळथरे, समोर अरबी समुद्र. बाहेरून येणारे लोक हल्ली परशुरामाचा उंच पुतळा पाहायला येतात आणि मासळी घेऊन परततात. दाराकडे पाहायला कुणी येत नाही. पण दार, कडी आणि कुलूप यांची परीक्षा घ्यायला महाराष्ट्रात याहून कठीण जागा शोधून सापडणार नाही. चार महिने पाऊस, बाराही महिने खारा वारा, आणि वर्षातले बरेच दिवस बंद असलेली घरे.

सगळ्यात जुना इलाज अडसराचा. त्याला किल्ली नाही, स्प्रिंग नाही, बिघडण्यासारखे काहीच नाही. दाराच्या दोन्ही अंगांच्या भिंतींत समोरासमोर दोन चौकोनी भोके असतात, एक खोल, एक उथळ. दिवसा अख्खा वासा खोल भोकात ढकलून ठेवायचा, रात्री बाहेर ओढून त्याचे टोक समोरच्या भोकात टेकवायचे. सह्याद्रीतल्या कुठल्याही किल्ल्याच्या दरवाजात आत शिरताना डावी-उजवीकडे पाहिले, तर दार केव्हाच नाहीसे झालेले असते, पण ही दोन भोके शिल्लक असतात. घरातला अडसर म्हणजे त्याचीच लहान आवृत्ती. कुठे भिंतीत भोके पाडण्याऐवजी चौकटीला लोखंडी आकडे ठोकतात आणि त्यांत आडवी फळी बसवतात, पण तत्त्व तेच.

या तत्त्वाची किंमत वादळात कळते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशेवीस किलोमीटरच्या घरात होता, आणि दापोलीच्या किनारपट्टीवरच्या गावांनी त्याचा तडाखा सोसला. ताशी ११० किलोमीटरचा वारा समोरून थेट आदळला की दर चौरस मीटरवर साधारण ५५ किलो वजनाइतका दाब पडतो. दोन मीटर उंच आणि मीटरभर रुंद दारावर तो एकशेदहा किलोंच्या आसपास जातो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. कोकणातले दार आत उघडते, म्हणजे हे सगळे ओझे आतल्या कड्यांवर येते. बाजारात मिळणारा टॉवर बोल्ट चार-सहा स्क्रूंवर तग धरतो, आणि ते स्क्रू लाकडाच्या कडेपासून बोटभर आत बसवलेले असतात. अडसराचे ओझे मात्र लाकडाच्या पूर्ण जाडीवर पडते आणि तिथून थेट जांभ्याच्या भिंतीत उतरते. मध्ये एकही स्क्रू नाही. म्हणून घर नव्याने बांधणाऱ्याने दिवाणखान्याच्या सजावटीतून थोडे पैसे वाचवून पुढच्या दाराला एक अडसर ठेवावा, असे माझे मत आहे. दिसायला गावठी दिसेल, दिसू दे.

अडसरानंतर कडी-कोयंडा. रोज वापरायची वस्तू ही, म्हणून तिची रचना अधिक बारीक आहे. कोयंडा म्हणजे चौकटीत बसवलेले लोखंडी कडे, कडी म्हणजे दारावरून लोंबणारी साखळी किंवा पट्टी. कडीच्या टोकाची फट कोयंड्यावर चढवायची आणि कोयंड्याच्या भोकात खिट्टी किंवा कुलूप अडकवायचे. जुन्या लोहाराने केलेला कोयंडा काढून हातात घेतला तर त्याला दोन पाय दिसतात. लाकडात आरपार भोक पाडून हे पाय पलीकडे काढायचे, दोन बाजूंना फाकवायचे आणि ठोकून लाकडावर दुमडायचे. बाहेरून कितीही ओढले तरी दुमडलेले पाय सरळ झाल्याशिवाय कोयंडा निघत नाही, आणि पाय सरळ करायचे तर आत असायला हवे. आजचा कोयंडा चार लहान स्क्रूंवर बसतो. पहार घालून एक हिसडा दिला की स्क्रू लाकडाच्या भुश्यासकट बाहेर येतात. कुलूप कितीही महागाचे असो, ते अशा वेळी कोयंड्यासह जमिनीवर पडते, न उघडता.

तरी कडीची खरी करामत वेगळी आहे. ती ढिली असते. दोन-चार सुतांची हालचाल तिच्यात मुद्दाम ठेवलेली असते आणि नवख्या माणसाला ते बेफिकीर काम वाटते. पण कोकणात दार एका जागी राहत नाही. लाकूड ओल पिते आणि फुगते. फुगते ते आडवे. रेषांच्या दिशेने, म्हणजे उभ्या लांबीत, त्याच्यात जवळजवळ फरक पडत नाही. हातभर रुंद सागवानी झडप उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंत दोन-तीन मिलिमीटर सहज रुंदावते, आणि फणसाच्या किंवा नीट न वाळवलेल्या लाकडाची तर गोष्टच सोडा. दोन झडपांचे दार असेल तर हा फरक दुप्पट होतो. मे महिन्यात हलक्या हाताने लागणारे दार जुलैत खांदा लावून ढकलावे लागते, ते यामुळे.

आता कडी कुठे असते ते आठवा. बहुतेक जुन्या दारांत ती वर असते, झडपेच्या माथ्याजवळ, आणि तिचा कोयंडा चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडात. झडपेचा माथा आणि ते आडवे लाकूड यांच्यामधले अंतर लाकडाच्या उभ्या लांबीवर ठरते, जी फुगत नाही. जी काही हालचाल होते ती आडवी, आणि ती साखळी निमूटपणे सोसते. कुणा सुताराने हे गणिताने काढले असेल असे मला वाटत नाही. चुकीच्या जागी ठोकलेल्या कड्या पावसाळ्यात लागेनाशा झाल्या, त्या पुढच्या दाराला हलवल्या गेल्या, आणि दोन-तीन पिढ्यांत जागा ठरून गेली असावी.

याच्या अगदी उलट स्वभाव नव्या मॉर्टिस कुलपाचा. ते झडपेच्या जाडीत खाच कोरून आत बसवलेले असते. त्याचा बोल्ट बाजूने बाहेर येतो आणि चौकटीवरच्या धातूच्या पट्टीतल्या भोकात शिरतो. बोल्ट आणि भोक यांच्यात फट जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर. पक्क्या चौकटीत, वातानुकूलित कार्यालयात हे झकास चालते. बुरोंडीत पहिल्या पावसाळ्यात झडप फुगते, बिजागरीवर किंचित ओघळते, बोल्ट भोकाच्या कडेला लागतो आणि किल्ली अर्ध्यावर अडते. मग घरमालक किल्लीवर जोर करतो. किल्ली वाकते. मग सुतार येऊन पटाशीने पट्टीचे भोक मोठे करतो, म्हणजे महागड्या कुलपाला शेवटी कडीचा ढिलेपणा बहाल करतो.

मुंबईकडे वळू. गिरण्या वाढल्या तसा रत्नागिरी जिल्हा त्यांना माणसे पुरवणारा सर्वांत मोठा जिल्हा झाला. दाभोळ, हर्णै अशा बंदरांवरून बोटी धरून माणसे गेली आणि लालबाग-परळच्या चाळींत राहिली. सुरुवातीला पुरुष गेले, घर उघडेच राहिले. पुढे बिऱ्हाडे गेली, आणि ओटीच्या दाराला बाहेरून कुलूप लागले. गणपतीत उघडायचे, शिमग्यात उघडायचे, मेमध्ये आंब्याला उघडायचे.

योगायोग असा की त्याच लालबागमध्ये १८९७ साली आर्देशिर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना थाटला. ते शिकलेले वकील. झांझिबारला वकिली करायला गेले, पण खोट्याची बाजू मांडायला मन घेईना म्हणून परतले. आधी शस्त्रक्रियेची हत्यारे करून पाहिली. माल उत्तम होता, पण त्यावर भारतात बनवल्याची खूण घालायला गिऱ्हाईक तयार नव्हते आणि ती काढायला आर्देशिर तयार नव्हते, म्हणून तो धंदा बसला. मग मुंबईत वाढलेल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून ते कुलपांकडे वळले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी स्प्रिंग नसलेल्या कुलपाचे पेटंट मिळवले. स्प्रिंग ही कुलपाची सर्वांत नाजूक जागा. ती गंजते, थकते, तुटते, आणि मग बरोबर किल्लीसुद्धा चालत नाही. ज्या किनाऱ्यावरची माणसे त्या कारखान्याच्या आसपासच्या चाळींत राहत होती, त्या किनाऱ्याला या विचाराची गरज इतरांपेक्षा जास्त होती. पुढे १९५४ मध्ये आलेले नवताल हे लिव्हरचे कुलूप घराघरांत पोचले. आजही चाकरमान्याच्या बंद घरावर तेच किंवा अलीगढचे एखादे स्वस्त कुलूप लटकताना दिसते.

लिव्हरच्या कुलपाच्या आत काय चालते ते समजून घ्यायला अवघड नाही. आत पितळी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येकीत एक खाच असते, पण प्रत्येकीची खाच वेगळ्या उंचीवर. कुलपाच्या बोल्टला एक छोटा खुंट असतो. तो खुंट सगळ्या खाचांतून एकदम पुढे सरकला तरच बोल्ट हलतो. किल्लीचे दाते प्रत्येक पट्टीला ठरल्या उंचीइतके उचलतात आणि सगळ्या खाचा एका रांगेत आणतात. पट्टी कमी उचलली तर खुंट अडतो, जास्त उचलली तरी अडतो. हे जास्त उचलण्याला अडवणे इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनने १७७८ साली आणले, आणि कुलपाच्या इतिहासातली ती फार मोठी उडी होती, कारण त्याआधी काहीतरी आत खुपसून सगळे वर ढकलले की काम भागत होते. दुसरी तऱ्हा पिनांची. ती मूळची प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांत सापडते आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेतल्या लायनस येल यांनी तिला आजचे रूप दिले. गोल सिलिंडर, त्यात पाच-सहा पिना, चपटी दातेरी किल्ली. पाच पिना आणि प्रत्येकीला सहा उंच्या धरल्या तर ७,७७६ वेगळ्या किल्ल्या होतात.

कुशल माणूस दोन्ही उघडू शकतो. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकनाने चब कंपनीचे नावाजलेले कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले. ब्रामा या दुसऱ्या नामांकित कंपनीच्या कुलपाला मात्र सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास घेतले. पण गावातला चोर हॉब्ज नसतो. तो कौले काढतो किंवा कोयंडा उपटतो. म्हणून सात लिव्हरचे कुलूप घेऊन ते चार स्क्रूंच्या कोयंड्यात अडकवणे यात काही अर्थ नाही. तेच पैसे नट-बोल्टने आरपार बसवलेल्या, आतून नट आवळलेल्या आल्ड्रॉपवर घालावेत. लोहाराच्या दुमडलेल्या पायांची ती आजची आवृत्ती आहे.

किनाऱ्यावर कुलपाचा मोठा शत्रू चोर नव्हेच, मीठ. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण धातूवर बसतात, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच पाणी ओढून विरघळतात. म्हणजे पाऊस पडला नाही तरी कुलूप खाऱ्या पाण्यात भिजलेले असते. शिवाय पितळी अंगात पोलादी स्प्रिंग असेल तर ओलीत दोन धातूंची घातक जोडी जमते आणि त्यात पोलाद आधी खाल्ले जाते. यावर लोकांचा उपाय म्हणजे कुलपावर टायरच्या ट्यूबचा तुकडा झडपेसारखा बांधणे. तो चांगला आहे, खालून उघडा राहिला तर. प्लास्टिकची पिशवी गच्च गुंडाळली तर ओल आत कोंडते आणि गंज दुप्पट जोराने धरतो. तेलाचेही तसेच. घरात हाताशी खोबरेल असते म्हणून तेच सोडले जाते, पण ते २४ अंशांच्या आसपास गोठते, आणि जानेवारीच्या पहाटे कुलपात मेण घातल्यासारखे होते. शिलाई मशीनचे तेल दोन थेंब पुरते. नाहीतर पेन्सिलीच्या शिशाची पूड, ती वाळू-धूळही धरत नाही.

नव्या बंगल्यांमध्ये, विशेषतः पर्यटकांसाठी बांधलेल्यांत, कडी गेली आणि लॅच आला. लॅचची जीभ एका बाजूने तिरकी कापलेली असते. दार ढकलले की हा उतार चौकटीच्या पट्टीवर घासतो, जीभ आत जाते आणि भोकासमोर येताच स्प्रिंगने बाहेर उडी मारते. लावायला हात लागत नाही, हीच तिची सोय आणि हीच तिची गोची. समुद्रावरून वारा येतो, दार आपटते, किल्ली आत आणि माणूस पडवीत. ज्या उतारामुळे जीभ सहज आत जाते, त्याच उतारावर फटीतून पातळ पत्रा घातला तर ती चोरासाठीही आत जाते. म्हणून चांगल्या लॅचला शेजारी एक छोटी दुसरी पिन असते. दार लागल्यावर ती दबलेली राहते आणि तिरक्या जिभेला मागे सरकू देत नाही. दुकानात घेताना ही पिन आहे का, एवढे तरी पाहावे.

आता आकडे दाबून किंवा बोट टेकवून उघडणारी कुलपेही आली आहेत. त्यांना सेल लागतात, आणि सेलच्या टोकांवर खाऱ्या हवेचा हिरवा थर चढतो. यातल्या बऱ्याच कुलपांना एका झाकणाखाली साध्या किल्लीचे भोक ठेवलेले असते, अडीअडचणीला. ते भोक वापरलेच जात नाही, म्हणून आधी तेच गंजते. दहा महिने बंद राहणाऱ्या घराला त्यापेक्षा पितळी अंगाचे आणि गंज न धरणाऱ्या कडीचे साधे कुलूप बरे, आणि दुसरी किल्ली शेजारच्या घरी. शेजारी अंगण झाडायला महिन्यातून एकदा येत असेल, तर त्याला कुलूप उघडून परत लावायला सांगावे. फिरत राहिलेल्या लिव्हरांवर गंज जमत नाही, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री गाडीतून उतरल्यावर हातोडी शोधावी लागत नाही.