हलकी बंदूक आणि पाण्यावरचं पाखरू

बंदुकीच्या दुनियेत एक उलटं गणित आहे. आकडा जितका मोठा, तितकी नळी लहान. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जिच्यात नेमकी बसेल ती १२ बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक बारीक होणार, म्हणून २० बोअरची नळी १५.६ मिलिमीटरची. चारशे दहा मात्र या हिशोबात नाही. ते इंचाच्या हजारांशातलं माप, म्हणजे जेमतेम १०.४ मिलिमीटर.

निजामाच्या राजवटीत आमच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात वाढलेले माझे नाना हलक्या बंदुकीची तारीफ करायचे. दिवसभर खांद्यावर वागवता येते, पाखरू उडताच चटकन वळते. पण तलावावर बदकांसाठी जाताना ते १२ बोअरच उचलत.

असं का? अनेकांना वाटतं, लहान बंदुकीचा मार हळू असतो. तसं नाही. छर्रा तोच, वेगही जवळपास तोच. फक्त छर्रे कमी. १२ बोअरच्या ३२ ग्रॅमच्या काडतुसात अमेरिकी मापाचे सहा नंबरी छर्रे अडीचशेच्या आसपास मावतात, २० बोअरच्या २५ ग्रॅममध्ये दोनशे, तर चारशे दहाच्या १४ ग्रॅममध्ये शंभर-सव्वाशे. चाळीस पावलांवर छर्रे फाकले की त्यांच्यात मोठी भोकं पडतात. बदकाला एखाददुसराच छर्रा लागतो. ते उडून जातं आणि पाणकणसात कुठंतरी तडफडून मरतं. जिवंत सापडलं तर जिबह करायला नानांच्या खिशात सुरी असे. ते म्हणत, हाती न लागलेलं पाखरू ना ताटात, ना आभाळात.

म्हणून लहान बोअर निवडायची तर अंतरही लहान ठेवावं लागतं. हलकी बंदूक म्हणजे दयाळू बंदूक नव्हे.

दुसरा प्रश्न शिशाचा. न लागलेले छर्रे तळ्याच्या तळाशी पडतात. बदकं अन्न दळण्यासाठी खडे गिळतात, त्यात हे छर्रेही जातात. पोटातल्या पेषणीत शिसं झिजतं, रक्तात भिनतं आणि पक्षी महिन्याभरात खंगून मरू शकतो. म्हणून अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले. युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागांवर ते वर्ज्य केले. पोलाद शिशापेक्षा हलकं, त्याचा वेग लवकर ओसरतो. मग छर्रा मोठा घ्यावा लागतो आणि लहान काडतुसात तो आणखी कमी मावतो. टंगस्टनचा छर्रा शिशाहून जड. त्यामुळे तिकडे लहान बोअरच्या बंदुकांना पुन्हा दिवस आले. पण ती काडतुसं फार महाग.

आपल्याकडे हा बाजार उठला आहे, आणि ते बरंच झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्याच्या शिकारीला थोडी जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. शेतराखणीच्या परवान्याची बंदूक बदकावर चालत नाही. तो गुन्हाच आहे.

डॉ. सलीम अली यांनी १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यासही बंदुकीनेच होई. कातडीला मोठं भोक पडू नये म्हणून नमुने जमवणारे बारीकात बारीक छर्रे वापरत. म्हणजे लहान नळीचा खरा उपयोग पाखरू पाहण्यासाठीच झाला.

आता त्यासाठी दुर्बीण आहे. हिवाळ्यात तेरणेच्या धरणावर किंवा नळदुर्गच्या बोरीकाठी थापट्या, तलवार बदक, चक्रवाक दिसतात का, ते पहाटे जाऊन पाहा. ८ बाय ४० ची दुर्बीण पुरे. आठ म्हणजे पाखरू आठपट जवळ, चाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. इथं गणित सरळ आहे. आकडा मोठा, तितकं भिंग मोठं.