रविवार न पाळणारं प्रथिन

भाची रविवारच्या जेवणाला कधीच वेळेवर येत नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती मूळपेशी वाढवते. ‘मामा, सेल्सना सुट्टी नसते,’ हे तिचं ठरलेलं उत्तर. एका रविवारी मीच तिच्या मागे स्कूटरवर बसलो. तिथे गेल्यावर कळलं, बिचाऱ्या पेशींवर उगाच आळ येतोय. खरा खट्याळ आहे एफजीएफ-२ नावाचं प्रथिन.

त्याची कुळकथा फार लांबवत नाही. १९७४ मध्ये डेनिस गोस्पोदारोविच यांनी गाईच्या पिट्युइटरी ग्रंथीतून हा घटक वेगळा केला. फायब्रोब्लास्ट पेशींना तो वाढायला लावतो, म्हणून फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर. पुढे १९८४ मध्ये मायकेल क्लॅग्सब्रन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रक्त गोठू नये म्हणून डॉक्टर जे हेपरिन देतात, त्याला असा घटक घट्ट चिकटतो.

आता गाईची गरज उरलेली नाही. माणसाच्या चौथ्या गुणसूत्रावरच्या जनुकाची प्रत ई. कोलाय जिवाणूत घालतात आणि जिवाणूच हे प्रथिन बनवतो. मग जिवाणू फोडायचे, गाळ खाली बसवायचा आणि वरचं पाणी हेपरिन लावलेल्या कॉलममधून सोडायचं. बाकीची बहुतेक प्रथिनं हलक्या खारट पाण्यात वाहून जातात. हा गडी मात्र पाणी समुद्राच्या जवळजवळ अडीचपट खारट होईपर्यंत जागचा हलत नाही! शुद्धीकरणाची ही रीत मला भलतीच आवडली.

पण इतका चिवट असलेला हाच गडी ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेत, टिकत नाही. इन्क्युबेटरमध्ये एका दिवसात त्याचा जोर बराच ओसरतो. शरीरात पेशींभोवती हेपरिनचं भावंड, हेपरान सल्फेट, असतं. ते त्याला धरून ठेवतं. बाटलीत तेवढा आधार कुठला? आणि एफजीएफ-२चा जोर कमी झाला, की मूळपेशी आपलं मूळपण सोडून भलत्याच वाटेला लागतात. म्हणून रोज जुना मीडिया, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव, काढायचा, ताजा घालायचा. गणपतीतसुद्धा.

भाचीने मला व्हायल दाखवली. आत १० मायक्रोग्रॅम प्रथिन होतं म्हणे. मला ती रिकामीच दिसली. ‘उघडू नकोस हं! आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. नाहीतर पावडर झाकणालाच राहते.’ नेहमीच्या कृतीप्रमाणे मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम धरले, तर त्या व्हायलमध्ये जेमतेम १०० मिलिलिटर मीडिया होतो.

मग तिने एकेक कटकट सांगायला सुरुवात केली आणि चहा गार झाला. विरळ द्रावणात हे प्रथिन प्लॅस्टिकलाच चिकटून बसतं, म्हणून सोबतीला अल्ब्युमिन घालावं लागतं. पुन्हा पुन्हा गोठवलं-वितळवलं की बिघडतं, म्हणून आधीच छोटे वाटे करून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचे. त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीत चार सिस्टीन असतात. त्यातली पृष्ठभागावरची दोन शेजारच्या रेणूंशी हातमिळवणी करतात आणि गुठळ्या होतात. त्या जागी सेरीन बसवलेले प्रकारही आहेत. शिवाय जिवाणूच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन मागे राहिलं, तर प्रयोगाचा निकालच फिरू शकतो. वजनाचीही गंमत आहे: लेबलवर मायक्रोग्रॅम लिहिलेले असतात, पण त्यातलं किती कामाचं हे पेशी वाढवून पाहिल्याशिवाय ठरत नाही. गेल्या वर्षी एका नव्या लॉटने भाचीचे तीन आठवडे खाल्ले. दोष प्रथिनाचा की वाटेत वितळलेल्या बर्फाचा, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

यावर उतारा निघाला आहे. २०१८ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या संशोधकांनी नऊ अमिनो आम्लं बदलून १९ अंश अधिक तापमान सोसणारं एफजीएफ-२ तयार केलं. ते वापरलं तर शनिवार-रविवार मोकळे ठेवता येतात.

‘मग तेच का घेत नाहीस?’

‘मामा, दोन वर्षांचे आकडे जुन्यावरचे आहेत. आता बदललं, तर सगळं पुन्हा जुळवून पाहावं लागेल.’

आम्ही घरी पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. आमटी दुसऱ्यांदा गरम करावी लागली.