पायथॉनची भाषा मेंदूला कशी कळते?

नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांचे मराठी अभंग घरोघरी आहेतच; गुरू ग्रंथ साहिबातही त्यांची 61 पदे आहेत. संगणकाच्या हौशी मंडळींतही ‘मला चार भाषा येतात’ अशी चढाओढ चालते. उणे 7 ला 2 ने भागून पूर्णांक मागितला, तर सी उणे 3 सांगते, पायथॉन उणे 4! एक शून्याकडे वळते, दुसरी खालच्या अंकाकडे. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर.

मेंदू मात्र यांना बोलीभाषा मानत नाही. 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी पायथॉन वाचणाऱ्यांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण केले. भाषेचे भाग फारसे जागे झाले नाहीत; अवघड कोडी सोडवताना राबणारे भाग झाले. उलट, त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठातील 36 जणांच्या छोट्या अभ्यासात पायथॉन लवकर कोण शिकेल, हे गणितापेक्षा भाषा शिकण्याच्या क्षमतेवरून अधिक नेमके ओळखता आले. गणितात गुण कमी म्हणून मुलाला संगणकापासून दूर ठेवणाऱ्या पालकांनी हे जरूर वाचावे. दोन्ही निष्कर्षांत भांडण नाही: पहिल्यात जाणकार होते, दुसऱ्यात नवशिके.