ऑलिंपिक उद्घाटन सोहळा : भव्यता आणि अस्सलपणा

ऑलिंपिक उद्घाटन सोहळा हा ऑलिंपिक स्पर्धांच्या प्रारंभी यजमान शहरात होणारा औपचारिक समारंभ होय. ऑलिंपिक सनदेनुसार पार पाडावयाचे विधी आणि यजमान देशाने सादर केलेला कलाविष्कार असे त्याचे दोन भाग असतात. या सोहळ्यात प्रत्यक्ष काय घडते आणि पूर्वतयारीने काय भासवले जाते, हा प्रश्न २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर जगभर चर्चिला गेला.

विधींचा उगम

खेळाडूंचे संचलन, स्पर्धा सुरू झाल्याची घोषणा, ध्वजारोहण, शपथ आणि ज्योत प्रज्वलित करणे हे सोहळ्यातील प्रमुख विधी आहेत. संचलनात ग्रीसचे पथक सर्वप्रथम, तर यजमान देशाचे पथक सर्वांत शेवटी येते. हे विधी प्राचीन भासत असले तरी त्यांपैकी बहुतेक विसाव्या शतकात रूढ झाले. खेळाडूंची शपथ १९२० मध्ये अँटवर्प येथे, तर ज्योत १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे प्रथम आली. ऑलिंपिया येथे अंतर्वक्र आरशाच्या साहाय्याने सूर्यकिरणांपासून ज्योत चेतवून ती धावत यजमान शहरी नेण्याची प्रथा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून, म्हणजे नाझी राजवटीत, सुरू झाली. प्राचीन ऑलिंपिकमध्ये अशी ज्योतदौड नव्हती.

बीजिंग, २००८

बीजिंगचा सोहळा ८ ऑगस्ट २००८ रोजी रात्री ८ वाजता सुरू झाला. चित्रपट-दिग्दर्शक झांग यिमोऊ यांनी त्याचे दिग्दर्शन केले होते. २,००८ वादकांच्या एकत्रित तालवादनामुळे तो विशेष गाजला. मात्र पुढील काही दिवसांत तीन गोष्टी उघडकीस आल्या.

पहिली गोष्ट आतषबाजीविषयी होती. शहरावरून क्रीडागाराकडे चालत येणाऱ्या २९ पावलांच्या आकाराची आतषबाजी प्रत्यक्षात झाली होती. परंतु हेलिकॉप्टरमधून तिचे चित्रण करणे धोक्याचे असल्याने दूरचित्रवाणीवर दिसलेली बहुतांश दृश्ये आधीच संगणकावर तयार करण्यात आली होती. ती खरी वाटावीत म्हणून त्यांत शहरावरील धूसरपणा आणि कॅमेऱ्याचा किंचित थरथराटही मिसळला होता.

दुसरी गोष्ट, चीनमधील ५६ वांशिक समूहांची म्हणून सादर केलेली मुले प्रत्यक्षात त्या त्या समूहांचे पोशाख घातलेली कलाकार मुले होती.

तिसऱ्या गोष्टीवर सर्वाधिक टीका झाली. देशभक्तिपर गीत गाताना दिसलेली नऊ वर्षांची मुलगी केवळ ओठ हलवत होती. आवाज सात वर्षांच्या दुसऱ्या मुलीचा होता. सोहळ्याचे संगीत-दिग्दर्शक चेन चिगांग यांनी एका आकाशवाणी मुलाखतीत हे उघड केले. पडद्यावर दिसणारे मूल निर्दोष असावे, अशी भूमिका घेऊन हा निर्णय राष्ट्रहितासाठी घेतल्याचे त्यांनी सांगितले. एका बालिकेचा आवाज स्वीकारून तिचा चेहरा नाकारल्याबद्दल चीनमधील नागरिकांनीही आंतरजालावर नाराजी व्यक्त केली. आयोजकांनी मात्र यात काही गैर नसल्याचे म्हटले.

अन्य उदाहरणे

ध्वनिमुद्रणाचा असा वापर बीजिंगपुरता मर्यादित नव्हता. २००० च्या सोहळ्यात सिडनी सिंफनी वाद्यवृंदाने पूर्वमुद्रित संगीतावर केवळ वादनाचा अभिनय केला होता. २००६ च्या तुरिन हिवाळी ऑलिंपिकमधील लुचियानो पाव्हारोत्ती यांचे गायनही आजारपण व थंडीमुळे आधीच मुद्रित केले होते. या दोन्ही गोष्टी २००८ मध्ये प्रकाशात आल्या. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये पाच कड्यांपैकी एक कडे उघडलेच नाही. तेव्हा रशियन दूरचित्रवाणीने त्या जागी तालमीतील चित्रण दाखवले.

वादाचे स्वरूप

कृत्रिमता दिसली की प्रेक्षक रुष्ट होतातच असे नाही. २०१२ च्या लंडन सोहळ्यात राणी एलिझाबेथ दुसऱ्या आणि जेम्स बाँड यांची भेट दाखवणारी चित्रफीत आधीच चित्रित केली होती, आणि हेलिकॉप्टरमधून उडी घेणारी व्यक्ती राणी नव्हती. हा विनोद आहे हे सर्वांना कळत असल्याने त्यावर फसवणुकीचा आरोप झाला नाही. भारतीय चित्रपटांतील पार्श्वगायनही याच प्रकारचे होय: पडद्यावरील चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा असला, तरी गायकाचे नाव श्रेयनामावलीत दिले जाते. बीजिंगमध्ये खऱ्या गायिकेचे नाव जाहीर केले गेले नव्हते. त्यामुळे वादाचे मूळ कृत्रिमतेपेक्षा ती लपवण्यात आणि कलाकाराचे श्रेय दडवण्यात असल्याचे दिसते.

याउलट, अपूर्णता न लपवल्यामुळे काही प्रसंग संस्मरणीय ठरले. १९९६ मध्ये अटलांटा येथे पार्किन्सनच्या विकाराने थरथरणाऱ्या हातांनी मुहम्मद अली यांनी ज्योत प्रज्वलित केली. सोचीच्या समारोप सोहळ्यातही नर्तकांनी पाचवे कडे मुद्दाम काही क्षण मिटलेले ठेवून उद्घाटनातील चुकीची स्वतःच थट्टा केली.