स्टेंट बसविल्यानंतरची वर्षे : दीर्घकालीन परिणाम व जोखमीचे घटक

प्रस्तावना :
रामाकोना हे मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यातील गाव. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा तालुका नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला. या मराठीभाषक पट्ट्यातील हृदयरुग्णाला अँजिओप्लास्टीसाठी नागपूरसारखे शहर गाठावे लागते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत तो घरी परततो. पुढील अनेक वर्षांची काळजी मात्र गावातच घ्यावी लागते. सदर लेखात या पुढील काळाचा विचार केला आहे.

स्टेंटचा विकास :
स्टेंट म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची बारीक जाळी. मानवात तिचा पहिला वापर १९८६ मध्ये झाला. भारतात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम व हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बी. सोमा राजू यांनी १९९० च्या दशकात ‘कलाम-राजू स्टेंट’ विकसित केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधयुक्त स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये होती.

दीर्घकालीन परिणाम :
स्टेंटनंतर मुख्यतः दोन धोके संभवतात. पहिला, जाळीच्या आत पेशींची वाढ होऊन वाहिनी पुन्हा अरुंद होणे. साध्या स्टेंटमध्ये याचे प्रमाण २० ते ३० टक्के होते. औषधयुक्त स्टेंटमुळे ते बरेच घटले. दुसरा, स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होणे. हा प्रकार विरळ, परंतु प्राणघातक आहे. पहिल्या वर्षानंतरही स्टेंटशी संबंधित घटना दरवर्षी सुमारे २ टक्के रुग्णांत घडत राहतात.

जोखमीचे घटक :
१) रक्त पातळ ठेवणारी औषधे मध्येच बंद करणे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर दोन औषधे साधारणतः वर्षभर व त्यापुढे सहसा एक औषध कायम घ्यावे लागते. दात काढण्यासाठीसुद्धा ती परस्पर थांबवू नयेत. रक्तस्राव झाल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.
२) मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल व मूत्रपिंडाचे विकार.
३) बिडी, सिगारेट, खर्रा यांतील तंबाखू.
४) लहान व्यासाची वाहिनी किंवा लांब स्टेंट.

रमजानमध्ये काही रुग्ण स्वतःच्या मनाने गोळ्या गाळतात. दिवसातून एकदाची गोळी सहरी किंवा इफ्तारच्या वेळी घेता येते. दोन वेळच्या गोळ्यांचे वेळापत्रक रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. आजारी व्यक्तीला रोजातून सवलत असल्याचे कुरआनात (सूरह अल्-बकरा, आयत १८४) स्पष्ट सांगितले आहे.

निष्कर्ष :
स्टेंट अडथळा दूर करतो, रोग नाही. रक्तवाहिन्यांचा मूळ विकार शरीरात तसाच राहतो व इतर ठिकाणी अडथळा निर्माण करू शकतो. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी सोडणे हीच सर्वांत सहज टाळता येणारी चूक आहे. विद्यार्थ्यांना ही गोष्ट नीट समजावून दिल्यास तेच घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांवर लक्ष ठेवू शकतील. या कामी महाविद्यालयीन शिक्षकांचा वाटा मोलाचा ठरेल.